मातीचें भांडें आणि त्याचा कर्ता

फाल्गुन सरत आला, होळीची राख विझली, कीं गांवोगांवच्या आठवड्याच्या बाजारांत आणि शहरांतील चौकांच्या कडेला माठांच्या राशी दिसूं लागतात. कांहीं तांबडे, कांहीं काळे, कांहींच्या गळ्याभोंवतीं पांढऱ्या रेघोट्या काढलेल्या. तेथें उभी राहिलेली गृहिणी सगळ्यांत आधीं काय करते? ती रंगाकडे फारसें पाहत नाहीं, किंमतही लगेच विचारीत नाहीं. एका हातानें माठाचा कांठ धरून ती दुसऱ्या हाताचें बोट वांकविते, त्याच्या पोटावर टकटक करते आणि कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत निघाला तर माठ बाजूला ठेवते. बसका निघाला तर पुन्हां राशींत सारते. ही परीक्षा तिला कोणी शाळेंत शिकविलेली नसते. तिच्या आईला तिनें तसें करतांना पाहिलेलें असतें, एवढेंच. समोर बसलेली कुंभारीण मात्र हा प्रकार निवांतपणें पाहत असते. कारण तोच माठ आव्यांतून बाहेर निघाल्यापासून तिच्या घरीं दोनदां तरी वाजविला गेलेला असतो.

या टिचकीचा अर्थ सोपा आहे. सर्व बाजूंनीं सारखें भाजलेलें आणि कोठेंही चीर नसलेलें भांडें घंटेसारखें सबंधच्या सबंध कंप पावतें. केंसाएवढी चीर असली, अगर एखादी बाजू कच्ची राहिली असली, म्हणजे तो कंप तेथें अडतो आणि आवाज बसतो. जी चीर डोळ्यांना दिसत नाहीं, ती कानाला सांपडते. महाराष्ट्रांत ही गोष्ट बाजारापेक्षां कीर्तनांतूनच अधिक घरोघर पोंचली आहे. तेरच्या गोरोबाकाकांनीं संतमंडळींच्या मस्तकावर थापटणें मारून कोणाचें मडकें कच्चें आणि कोणाचें पक्कें हें ठरविलें, आणि त्या परीक्षेंत नामदेव कच्चे ठरले, ही कथा ज्यानें लहानपणीं ऐकली नाहीं असा मराठी माणूस विरळा. कथेंतील अध्यात्म क्षणभर बाजूला ठेवलें तरी तिच्यांतील कारागिरी अगदीं खरी आहे. जें साधन कुंभाराच्या हातांत रात्रंदिवस खेळतें, त्याच साधनाच्या आवाजावरून तो आपल्या कामाची पारख करितो.

गोरोबांचें हें तेर आज धाराशिव जिल्ह्यांत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत ज्या तगर नांवाच्या व्यापारी शहराचा उल्लेख येतो, तें हेंच असें विद्वान् मानतात. तेथील पांढरींतून सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती निघाल्या आहेत. त्यांतील कित्येक बारीक पांढऱ्या मातीच्या असून सांच्यांतून काढलेल्या आहेत. गांवांतील संग्रहालयांत त्या पाहावयास मिळतात. म्हणजे गोरोबा तेथें चिखल तुडवीत नाम घेत होते, त्याच्या हजार-बाराशें वर्षें आधींही त्या गांवांत मातीला आकार देणारे हात होते.

महाराष्ट्राच्या पठारावर मातीला तोटा नाहीं. परंतु मडक्याला लागणारी माती सर्वत्र नाहीं. काळा पाषाण झिजून बनलेली जी कपाशीची जमीन, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळतांना आकसते. वैशाखांत शेतांतून चालतांना पाय अडकेल एवढ्या भेगा पडलेल्या दिसतात, त्या याच गुणामुळें. तिचेंच नुसतें भांडें केलें तर चाकावर तें सुरेख उतरेल, आणि सांवलींत वाळतांना तडकून जाईल. म्हणून कुंभार तळ्याचा, ओढ्याचा गाळ शोधीत हिंडतो. त्यांत चाळलेली राख मिसळतो, घोड्याची लीद मिसळतो, कोठें बारीक वाळू घालतो. लिदींतील गवताचे तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात. पुढें आव्यांत ते जळून जातात, आणि त्यांच्या जागीं सूक्ष्म छिद्रें राहतात. तीं छिद्रेंच पुढें उन्हाळ्यांत घरोघर उपयोगी पडतात.

किती गाळाला किती राख, याचें कोष्टक कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहीं. एका तळ्याचा गाळ चिकट, तर दुसऱ्याचा रेताड. पावसाळा मोठा झाला तर त्याच तळ्याचा गाळ पुढच्या वर्षीं वेगळा. कुंभार चिमूटभर ओली माती बोटांत मळतो, तिची वळी करून वांकविते वेळीं कोठें भेग पडते तें पाहतो, आणि घरांत सांगतो, "आणखी एक पाटी राख." हें सांगण्याची अक्कल येण्यास दहा-पंधरा वर्षें लागतात. ती त्याला बापाकडून मिळालेली असते, बापाला आज्याकडून. आणि ती त्याच एका तळ्यापुरती, त्याच एका शिवारापुरती असते. गांव सोडलें कीं तिचा निम्मा उपयोग सरला.

खेड्यांतील जुनें चाक म्हणजे जमिनींत रोंवलेल्या खुंटीच्या टोकावर तोललेलें एक जड वर्तुळ. कुंभार त्याच्या कडेजवळच्या खांचेंत काठी घालतो, उभ्यानें वांकून चार-सहा वेढे जोरानें देतो, काठी बाजूला टाकतो आणि उकिडवा बसतो. चाकाचा वेग ओसरण्यापूर्वीं त्याला आपलें काम साधावयाचें असतें. चाक जड असल्यामुळेंच तें बराच वेळ फिरत राहतें. मधोमध थापलेल्या गोळ्याच्या शेंड्यांतून अंगठे आंत शिरतात, बोटें बाहेरून आवळतात, माती वर चढते, कांठ वळतो, सुतानें भांडें खालून कापलें जातें, आणि उरलेल्या गोळ्यांतून दुसरें उगवूं लागतें. लहान मूल असो कीं म्हातारा, या ठिकाणीं पाहणाराचे पाय खिळतातच. चित्रपटांतून आणि जाहिरातींतून कुंभाराचें जें दर्शन घडतें तेंही एवढेंच. त्यामुळें सामान्य माणसाची अशी समजूत होऊन बसली आहे कीं, चाक फिरलें आणि माठ झाला.

पण चाकावरून उतरलेला माठ हा अद्याप माठ नसतोच. त्याची भिंत जाड असते, बूड जड असतें, आणि एकंदर आकार पुष्कळ लहान असतो. तो अर्धवट सुकूं देतात. मग कुंभार किंवा त्याचा भाऊ तो मांडीवर घेतो, डाव्या हातानें आंतून एक गुळगुळीत गोल दगड लावतो आणि उजव्या हातांतील लांकडी थापटण्यानें बाहेरून त्याच जागीं ठोकतो. दगड आणि थापटणें यांच्यामध्यें भिंत दबते, पातळ होते, पसरते. भांडें हळूहळू फिरवीत, राखेंत हात बुडवीत, ठोके देत देत तो त्याचें पोट वाढवितो. डाव्या हाताला दिसत नाहीं आणि उजव्या हाताला आंत शिरतां येत नाहीं. तरी दोघांची गांठ प्रत्येक ठोक्याला अचूक पडावी लागते. एक ठोका चुकला तर भिंतीला भोंक पडतें. शेवटीं एवढ्या मोठ्या माठाची भिंत सर्वत्र सारख्या जाडीची झालेली असते. कुंभाराची खरी विद्या ती हीच, आणि ती पाहावयास फारसें कोणी थांबत नाहीं. कारण तिच्यांत गरगर फिरणारें कांहीं नाहीं. कुंभारवाड्याजवळून जातांना जो एकसारखा टप् टप् असा आवाज ऐकूं येतो, तो याच कामाचा.

गोल बूडही असेंच थापटण्यानें सिद्ध होतें. त्याला कोपरा नसल्यामुळें ताण एका ठिकाणीं सांचत नाहीं, आणि जाळावर ठेवलें असतां तें सहसा तडकत नाहीं. चुलीच्या तीन दगडांवर, डोक्यावरील चुंबळीवर आणि ओलसर वाळूच्या ढिगावर तें बिनतक्रार बसतें. शहरांतील फरशीच्या ओट्यावर मात्र तें लवंडतें. म्हणून आतां सपाट बुडाचे, तोटी बसविलेले माठ होऊं लागले आहेत. तोटीजवळ माठ गळतो अशी तक्रार करणाऱ्या गृहस्थांनीं तें भोंक आपल्याच सोयीसाठीं पाडलेलें आहे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

या सर्व कामांत बायकांचा वांटा केवढा असतो, हें बहुधा सांगितलें जात नाहीं. माती कुटणें, चाळणें, भिजविणें, मळणें, वाळत घातलेलीं भांडीं ऊन पाहून हलविणें, कावेचा रंग देऊन घोटणें, आव्यासाठीं गोवऱ्या थापणें आणि शेवटीं डोक्यावर टोपली घेऊन बाजार गांठणें, हें सारें त्यांचें. चाकाला मात्र बहुतेक ठिकाणीं त्यांनीं हात लावावयाचा नाहीं असा दंडक होता. ज्या घरांत पाण्याची पहिली घागर बाईच्या डोक्यावरून येते आणि मडकें फुटलें तर बोलणेंही तिलाच खावें लागतें, त्या घरांतल्या कारागिरींतही चाक तेवढें पुरुषाचें असावें, हा न्याय मौजेचा खरा! खादी व ग्रामोद्योग आयोगानें २०१८ सालापासून कुंभारांना विजेवर चालणारीं चाकें देण्याची योजना हातीं घेतली. काठीनें चाक फिरविण्याचे कष्ट गेल्यावर कित्येक ठिकाणीं बायकाही चाकावर बसूं लागल्या आहेत. जुन्या दंडकाला उत्तर देण्याचें काम, दिसतें त्याप्रमाणें, विजेच्या एका बटणावर सोंपविलें गेलें.

आतां आवा. जमिनींत उथळ खड्डा करून, अगर तीन बाजूंनीं भिंत घालून, तळाशीं गोवऱ्यांचा थर पसरतात. त्यावर पालथीं मडकीं, मध्यें पुन्हां गोवऱ्या, काटक्या, भुसा, वर पुन्हां मडकीं, अशी रास रचतात. सगळ्यांवर गवताचें आच्छादन, खापऱ्या आणि राख किंवा चिखल. संध्याकाळीं पेटविलेला आवा बहुधा रात्रभर धुमसतो. पहिला जाळ मंद ठेवावा लागतो. भिंतींत राहिलेला ओलावा एकदम वाफ होऊन निघाला तर भांडें आंतल्या आंत फुटतें. पुढें उष्णमान पांचशें-सहाशें अंशांच्या घरांत गेलें कीं मातीच्या कणांशीं जखडलेलें पाणीही निघून जातें. या क्षणापर्यंत मडकें पाण्यांत टाकलें तर त्याचा पुन्हां चिखल झाला असता. या क्षणानंतर तें फुटेल, झिजेल, पण पुन्हां माती होणार नाहीं. कच्चें आणि पक्कें यांमधील रेषा ती हीच. गांवठी आव्यांत उष्णमान साधारणपणें सातशें ते नऊशें अंशांपर्यंत चढतें. राशींत हवा खेळती राहिली तर मातींतील लोहाचा तांबडा गंज होऊन भांडें तांबडें निघतें. धूर आंतच कोंडला तर तें काळें होतें. हें सर्व कुंभार उष्णतामापकाविनाच करितो. धुराचा रंग पाहून, वास घेऊन, कोठें खापरी सरकव, कोठें ओली राख दाब, असें करीत तो रात्र काढतो. मध्यरात्रीं वळवाचा पाऊस आला तर महिन्याभराची मेहनत वाहून जाते.

इतकें करूनही भट्टींतून निघालेलें भांडें पाझरतें. चिनी मातीचे कारखानदार याला दोष म्हणतात. कारण त्यांचें भांडें कितीतरी अधिक उष्णमानांत भाजून काचेसारखें घट्ट झालेलें असतें. परंतु माठाचें सारें सामर्थ्य या दोषांतच आहे. आंतील पाणी छिद्रांवाटे बाहेर येतें, बाहेरच्या कोरड्या हवेंत त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता तें माठांतूनच घेतें. नेहमींच्या उष्णमानांत एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी लागतात. याचा हिशेब मांडला तर दहा लिटरांच्या माठांतून केवळ शंभर ग्रॅम पाणी असें उडून गेलें तरी, बाहेरून उष्णता आंत येत नाहीं असें धरल्यास, बाकीचें पाणी जवळजवळ सहा अंशांनीं उतरेल. बाहेरची उष्णता अर्थातच आंत येत राहते, म्हणून कोठेंतरी समतोल होतो. हवा जितकी कोरडी, तितका तो समतोल खालीं. यामुळें नागपूरच्या मे महिन्यांत माठाचें पाणी दांतांना झोंबतें, आणि मुंबईच्या दमट हवेंत तेंच माठ नांवाला माठ असतो. जुना माठ पूर्वीसारखा थंड करीत नाहीं असें म्हणतात, तें खरें आहे. पाण्यांतील क्षार छिद्रांत बसतात आणि त्याची वाट बुजते. माठ साबणानें घांसणाऱ्यांनीं तर ती वाट आपल्या हातानेंच बंद केलेली असते.

म्हणून दर उन्हाळ्यांत नवा माठ घ्यावा लागे, आणि या घेण्यावरच कुंभाराचें घर चाले. धातूचें भांडें लेकीला, नातीला जातें; मातीचें भांडें हंगामापुरतें. जें फुटतें, त्याचा करणारा जगतो. मातीच्या भांड्याचा सारा संसार या एका गोष्टीवर उभा होता, आणि ती गोष्ट जेथें ढळली तेथें तो मोडला.

हा संसार किती जुना, याची साक्ष पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें मिळते. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीं १९६८ ते १९८३ या काळांत तेथें उत्खनन केलें. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या खेड्यांत लोक जव पिकवीत, गाई-म्हशी पाळीत आणि चाकावर घडविलेलीं, तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी काढलेलीं भांडीं वापरीत. अशीं भांडीं प्रथम अहिल्यानगर जिल्ह्यांतील जोर्वें येथें १९५०-५१ च्या उत्खननांत ओळखलीं गेलीं, म्हणून त्यांना जोर्वें भांडीं म्हणतात. त्यांतील तोटीचें भांडें प्रसिद्ध आहे. तीं इतकीं उत्तम भाजलेलीं आहेत कीं टिचकी मारली असतां धातूसारखा आवाज येतो. हें वर्णन पुरातत्त्वज्ञांनींच केलेलें आहे. म्हणजे बाजारांतील गृहिणीची परीक्षा पुरातत्त्वाच्या पंडितांनींही मान्य केली म्हणावयाची. इनामगांवास भट्टीचे अवशेषही मिळाले. आणखी एक गोष्ट मिळाली, ती वाचून मन थबकतें. त्या गांवचे लोक गेलेलें तान्हें मूल घराच्याच जमिनीखालीं पुरीत, आणि तें दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून ठेवीत. ज्या हातांनीं पाण्याचें मडकें केलें, त्यांनींच तेंही केलें असेल.

जन्मापासून मरणापर्यंत मडक्याची सोबत त्यानंतरही सुटली नाहीं. संक्रांतीला सुगडांत ऊंस, बोरें, हरभरा, गाजर आणि तिळगूळ भरून सुवासिनी वाणें देतात. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नांवानें पाण्यानें भरलेली घागर दान होते. खानदेशांत तोच आखाजीचा सण. पोळ्याला ज्यांच्या घरीं बैल नाहींत ते मातीचे बैल पुजतात. नवरात्रांत घट बसतो, दिवाळीला पणती लागते, लग्नांत बोहल्यापाशीं उतरंड रचली जाते. स्मशानांत खांद्यावरच्या मडक्याला दगडानें भोंक पाडून धार धरतात. खानदेशी सुगरण पालथ्या खापरावरच मांडे भाजते, आणि रायगडच्या शेतांतून हिवाळ्यांत मडक्याच्या पोटांत भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगांची पोपटी लावतात. भाषाही यांतून सुटली नाहीं. पालथ्या घड्यावर पाणी ओतलें जातें, दुसऱ्याच्या माथीं खापर फोडलें जातें. आणि ज्या संताच्या हातीं फुटक्या गाडग्याशिवाय दुसरी चीजवस्तु नव्हती, त्या गाडगेमहाराजांना (१८७६–१९५६) लोकांनीं नांवच त्या गाडग्याचें दिलें.

या सर्वांच्या मोबदल्यांत कुंभाराला काय मिळे? तो बारा बलुतेदारांपैकीं एक. वर्षभर गांवाला लागतील तीं गाडगीं-मडकीं त्यानें पुरवावयाचीं, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्याचा वांटा घ्यावयाचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत या व्यवस्थेचें जें वर्णन आहे, तें तिच्या गुणांइतकेंच तिच्या दोषांचेंही आहे. बलुत्याचे नुसते गोडवे गाणारांनीं तें अवश्य वाचावें. खळ्यावर हात पसरून उभें राहण्यांत मानाचें असें फारसें नव्हतें, आणि कुंभाराच्या पोरानें चाकच फिरवावें हा निर्बंध कोणालाही सुखाचा वाटला नसता. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेंत होती. मडकें फुटलें तर शेतकऱ्याच्या बायकोला त्याचें मोल पडत नसे, आणि कुंभारालाही प्रत्येक मडक्यामागें घासाघीस करावी लागत नसे. बलुतें मोडलें आणि प्रत्येक मडक्याला रोख किंमत आली. ती किंमत मात्र आजतागायत बलुत्याच्याच मनोवृत्तीनें ठरविली जाते. ज्या वस्तूसाठीं पैसे मोजण्याची संवयच नव्हती, तिच्यासाठीं पैसे मोजतांना हात आंखडतो.

त्यांतच एकामागून एक कामें त्याच्या हातून गेलीं. प्रथम छप्पर गेलें. पूर्वीं घरावर जीं नळीचीं कौलें चढत तीं कुंभार चाकावरच करी. निमुळती पोकळ नळी ओढून, ती उभी चिरून दोन कौलें काढावयाचीं. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूरास कौलांचा कारखाना काढला, आणि यंत्रावर दाबलेलें सपाट मंगळुरी कौल पश्चिम किनाऱ्यावर व पुढें घाटावरही पसरलें. नंतर स्वयंपाकघर गेलें. तांब्या-पितळेची चाल वाढलीच होती. १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं ॲल्युमिनियमचीं भांडीं घडविण्यास आरंभ केला, आणि ती हलकी, न फुटणारी धातु गरिबाच्या चुलीपर्यंत येऊन ठेपली. शेवटीं प्लॅस्टिकच्या घागरीनें पाणवठाही घेतला. विहिरीवरून कोसभर पाणी आणणाऱ्या बाईनें ती हलकी घागर डोक्यावर घेतली, यासाठीं तिला बोल लावणें अन्यायाचें होईल. त्या कोसभर वाटेवर मातीच्या घागरीचें ओझें तिची मान जाणे.

याच काळांत सरकारदरबारीं मातीच्या कलेचें कौतुक झालें नाहीं असें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत जॉर्ज टेरी यांनीं चकचकीत झिलईच्या भांड्यांचा कारखाना चालविला, आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी त्या भांड्यांवर उठविली. 'बॉम्बे पॉटरी' या नांवानें तीं विलायतेंतील प्रदर्शनांत गाजलीं. त्या फुलदाण्या सुंदर आहेत. पण त्यांच्यामुळें एकाही खेड्यांतील आव्याला चार गोवऱ्या अधिक मिळाल्या असतील असें वाटत नाहीं.

मुंबईंतच धारावीचा कुंभारवाडा आहे. तेथील बहुसंख्य कुंभार सौराष्ट्रांतून आलेल्या कुटुंबांचे वंशज. शहर वाढत गेलें तसे ते दक्षिण मुंबईंतून हलविले जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या ठिकाणीं आले. तेथें घर, कारखाना आणि दुकान एकाच चौकटींत असतें. पुढच्या बाजूला रस्त्याकडे भांडीं मांडलेलीं, मागच्या दारीं चार घरांना मिळून एक भट्टी. जळणासाठीं कापसाच्या चिंध्या वापरतात, त्याचा धूर दाट असतो, आणि शेजारच्या वस्तीची तक्रार खोटी नाहीं. तशीच त्या धुरांत आयुष्य काढणाऱ्यांच्या छातीची तक्रारही खोटी नाहीं. मुंबईच्या गिरगांवांतील अगर दादरमधील देवघरांत लागणारी पणती आणि नवरात्राचा घट पुष्कळदां याच वाड्यांतून आलेला असतो. धारावीच्या पुनर्विकासाचा विचार २००४ पासून चालला आहे, आणि २०२२ मध्यें त्यासाठीं नव्यानें निविदा मागविल्या गेल्या. घराऐवजीं घर देतां येईल. पण ओली माती पसरावयास अंगण लागतें, भांडीं वाळण्यास ऊन लागतें, आणि भट्टी कांहीं उद्वाहकानें वरच्या मजल्यावर चढत नाहीं. हा प्रश्न तेथील कुंभार वारंवार विचारीत आले आहेत. घराच्या चौरस फुटांचा हिशेब सांगणें सोपें आहे. उन्हाच्या चौरस फुटांचा कोणी मांडीत नाहीं.

खेड्यांतही निराळें नाहीं. तळ्यांतील गाळ नेण्यास परवानगी पाहिजे, ओढ्याचा कांठ कोणाच्या तरी मालकीचा झाला, घोडे गेले म्हणून लीद गेली, जनावरें कमी झालीं म्हणून गोवरी महागली. पुष्कळ कुंभार वीटभट्टीकडे वळले, कित्येक गणेशमूर्तीकडे. त्यांत पैसा बरा मिळतो, आणि त्यांनीं तो मिळवूं नये असें सुखवस्तु घरांतून सांगणें शोभत नाहीं. मात्र सांचा उचलणाऱ्या हाताला थापटण्याची गरज राहत नाहीं. शहरांत हल्लीं मातीकामाचे वर्ग निघाले आहेत. शिकलेलीं मुलेंमुली हौसेनें चाकावर बसतात आणि आपल्या हातचा वेडावांकडा पेला कौतुकानें मांडून ठेवतात. त्यांतील कांहींजण पुढें उत्तम कारागीरही होतात. त्यांच्या पेल्याला जें मोल बिनतक्रार मिळतें, त्याचा अर्धा हिस्साही चौकांतील माठाला द्यावयाचा म्हटलें कीं घासाघीस सुरू होते. पेला करणाराचें नांव पेल्याच्या बुडाशीं असतें. माठाच्या बुडाशीं नांव नसतें, थापटण्याचे वण असतात.

आवा उघडण्याचा दिवस कुंभाराच्या घरीं सकाळीं लवकर सुरू होतो. रास अजून कोमट असते. बायका वरची राख ओढतात, खापऱ्या एका बाजूला रचतात, आणि घरांतील वडीलधारा माणूस एकेक माठ काढून, फुंकून, टिचकी मारून हातांहातीं पुढें देतो. खणखणीत वाजणारे एकीकडे जातात; तेच पुढें बाजारांत गृहिणीच्या बोटाखालीं पुन्हां वाजणार असतात. एखादा बसका बोलतो. तो तो पुन्हां एकदां वाजवितो, कानाजवळ धरतो, आणि कांहीं न बोलतां मागच्या ढिगावर टाकतो. ढिगाजवळ नातू उभा असतो. त्याचें काम ते फुटके माठ आणखी फोडून हातभर रुंदीच्या खापऱ्या करण्याचें. पुढचा आवा पंधरा दिवसांनीं लागावयाचा असतो, आणि तो झांकण्यास त्याच लागतात.